दुकानाच्या सर्व्हरमधली एक एसएसडी बाहेर पडली, तर काय करायचं?



आजचा धडा माझ्याच चुकीतून आलाय. माझ्या दुकानाचं बिलिंग एका लिनक्स मशीनवर चालतं. त्यात दोन एसएसडी, रेड १ मध्ये. जीएसटी रिटर्नला दोन दिवस उरले होते, तेव्हा सहज स्थिती बघितली, तर एक डिस्क बाहेर! लॉगमधली तारीख सहा आठवड्यांपूर्वीची. म्हणजे दीड महिना सगळा धंदा एकाच डिस्कवर चालला होता आणि मला पत्ताच नव्हता.

रेड १ म्हणजे काय? एकच हिशेब दोन वह्यांत एकाच वेळी लिहिणं. एक वही फाटली तरी दुकान चालू राहतं. पण दुकान चालू राहतं, म्हणूनच बिघाड लक्षात येत नाही.

पायरी १: स्थिती बघा
/प्रोक/एमडीस्टॅट ही फाइल उघडा. (कमांड व्हिडिओत स्क्रीनवर आहेत.) कंसात दोन यू दिसले तर दोन्ही डिस्क हजर. एक यू आणि शेजारी नुसती खालची रेघ असेल, तर एक डिस्क बाहेर.

पायरी २: आधी बॅकअप
डिस्क परत जोडायची घाई करू नका. रीबिल्ड करताना उरलेली डिस्क सलग वाचली जाते. तीही दगावली तर हातात काहीच नाही. मी आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला.

पायरी ३: दोष कुणाचा?
स्मार्टसीटीएलने डिस्कचा रिपोर्ट काढा. रीअलोकेटेड सेक्टर वाढत असतील तर डिस्कच खराब होतेय. पण फक्त यूडीएमए सीआरसी एरर काउंट वाढलेला असेल तर संशय केबलवर घ्या. माझ्याकडे तेच निघालं. साधी साटा केबल बदलली, काम झालं. न तपासता नवी एसएसडी आणली असती तर पैसे फुकट गेले असते. हा आकडा परत शून्य होत नाही. केबल बदलल्यावर तो पुढे वाढतोय का, एवढंच बघायचं.

पायरी ४: सिरियल नंबर जुळवा
मशीन बंद करून, नंबर वाचूनच हात घाला. घाईत चांगली डिस्क काढली जाते! मी आता दोन्हींवर स्टिकर लावलेत.

पायरी ५: परत जोडा
एमडीएडीएमने डिस्क जोडा आणि एमडीस्टॅटमध्ये टक्केवारी बघत राहा. बिटमॅप चालू असेल तर बदललेला भागच भरला जातो, नाहीतर पूर्ण डिस्क. माझं काम पाऊण तासात झालं. नवी डिस्क घेतलीत तर ती जुनीपेक्षा थोडीही लहान नको, आणि तिच्यावर बूटलोडरही टाका.

एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या दोन घेऊ नका
रेड १ मध्ये दोन्ही एसएसडींवर सारखंच लिहिलं जातं, म्हणून झीजही जवळपास सारखीच. २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं होतं की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरच्या चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. विचार करा, एकत्र सुरू केलेल्या दोन्ही एकत्रच गेल्या असत्या! म्हणून मॉडेल वेगळं घ्या आणि फर्मवेअर अपडेट ठेवा.

आणि हो, रेड म्हणजे बॅकअप नाही. चुकून बिल डिलीट केलंत, तर ते दोन्ही वह्यांतून जातं.

आजचा गृहपाठ
एमडीएडीएमच्या सेटिंगमध्ये तुमचा ईमेल टाका आणि टेस्ट मेल पाठवून बघा. मेल हातात आला तरच अलार्म चालू समजा. मी हे दहा मिनिटांचं काम ‘उद्या करू’ म्हणून ठेवलं होतं. तुम्ही आज दुकान बंद करायच्या आधी करा.