औषधद्रव्यांतील ओलावा आणि मंद उष्णता

घन स्वरूपातील औषधद्रव्य डोळ्यांना कोरडे दिसले, तरी त्यात बहुधा थोडेफार पाणी असते. हे पाणी दोन प्रकारचे असते. हवेतील बाष्प कणांच्या पृष्ठभागावर चिकटून राहते, हा पहिला प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात पाण्याचे रेणू द्रव्याच्या स्फटिकरचनेतच ठराविक प्रमाणात बांधलेले असतात. त्याला स्फटिकजल म्हणतात. पहिले पाणी सहज निघून जाते, तर दुसरे निघण्यास अधिक उष्णता किंवा अधिक वेळ लागतो.

या पाण्याचे मापन का करावे लागते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. ॲस्पिरिनला ओल लागली की त्याचे हळूहळू विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल व ॲसिटिक आम्ल तयार होते. जुन्या बाटलीला येणारा शिरक्यासारखा वास याच विघटनाचा असतो. दुसरे उदाहरण ॲम्पिसिलिनचे. त्याच्या त्रिजल स्वरूपात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे तीन रेणू असतात. म्हणजे वजनाच्या सुमारे १३.४ टक्के भाग पाणीच असते. अशी ५०० मिलिग्रॅम पूड मोजून घेतली, तर तीत प्रत्यक्ष ॲम्पिसिलिन केवळ ४३३ मिलिग्रॅम भरेल. ५०० मिलिग्रॅमची खरी मात्रा देण्यासाठी सुमारे ५७७ मिलिग्रॅम पूड घ्यावी लागते. पाण्याचा हिशेब चुकला, तर रोग्याच्या पोटात जाणारी मात्राही चुकते.

मापनाची सर्वांत जुनी व सोपी रीत म्हणजे द्रव्य तापवून त्याच्या वजनातील घट पाहणे. झाकण असलेल्या पसरट काचकुपीत द्रव्याचा पातळ थर पसरून तिचे वजन करतात. मग झाकण काढून ती बहुधा १०५° से. तापमानाच्या भट्टीत ठेवतात. नंतर जलशोषक द्रव्य असलेल्या बंद पात्रात ती थंड होऊ देऊन पुन्हा वजन करतात. लागोपाठची दोन वजने जवळजवळ सारखी येईपर्यंत हा क्रम चालतो.

परंतु प्रत्येक द्रव्याला ही आच मानवत नाही. एका स्फटिकजलाने युक्त असे ग्लुकोज सुमारे ८३° से. तापमानालाच स्वतःच्या पाण्यात विरघळू लागते. वरचा थर चिकट होऊन साकळला की आतील पाणी कोंडून राहते. म्हणून अशा द्रव्याला आधी द्रवणबिंदूच्या काही अंश खालीच एकदोन तास ठेवतात आणि त्यातील बरेचसे पाणी गेल्यावर मग तापमान वाढवतात.

येथे पाण्याचे आधण उपयोगी पडते. थिजलेल्या खोबरेल तेलाची बाटली आपण ज्योतीवर न धरता गरम पाण्यात ठेवतो, त्यामागील तत्त्व हेच आहे. साध्या हवेच्या दाबाखाली उघड्या भांड्यातील पाणी १००° से. च्या वर तापत नाही. त्यामुळे त्यात ठेवलेले पात्रही ती मर्यादा ओलांडू शकत नाही. शिवाय आच सर्व बाजूंनी सारखी लागते. पात्रातील हवेचा दाब कमी केला, तर आणखी मंद उष्णता पुरते. दाब नेहमीच्या एक-दशांश केला असता पाणी सुमारे ४६° से. तापमानालाच उकळते.

मंद उष्णतेने द्रव्याचे रक्षण होते. परंतु जे निघून गेले ते पाणीच होते, याची खात्री मात्र तराजू देत नाही. लवंग वाळवली असता पाण्याबरोबर तिचे सुगंधी तेलही उडून जाते आणि दोहोंची घट ओलावा म्हणूनच मोजली जाते. अशा वनस्पतिज द्रव्यांसाठी ती टोल्युइनमध्ये उकळवून निघालेली वाफ थंड करतात. टोल्युइन पाण्याहून हलके असल्याने पाणी अंशांकित नळीच्या तळाशी साठते. तेल मात्र टोल्युइनमध्येच विरघळलेले राहते.

जर्मन रसायनज्ञ कार्ल फिशर यांनी १९३५ मध्ये केवळ पाण्याचाच वेध घेणारी रीत प्रसिद्ध केली. तीत सल्फर डाय-ऑक्साइडच्या सान्निध्यात आयोडीन पाण्याशी निश्चित प्रमाणात संयोग पावते. खर्ची पडलेल्या आयोडीनवरून पाणी किती होते ते कळते. येथेही मंद उष्णतेला स्थान आहे. कणांच्या आत अडकलेले पाणी मेथनॉलमध्ये सावकाश उतरत असेल, तर पात्र बंद ठेवून ते मिश्रण सुमारे ५०° से. पर्यंत कोमट करतात. मेथनॉल ६४.७° से. तापमानाला उकळत असल्याने याहून फार पुढे जाता येत नाही.

तात्पर्य, ओलाव्याचा आकडा एकटा पुरेसा नसतो. तो कोणत्या रीतीने, किती तापमानाला व किती वेळात मिळाला, हे त्याच्याशेजारी लिहिलेले असावे लागते. औषधिकोशात प्रत्येक द्रव्यासाठी ओलाव्याच्या मर्यादेबरोबरच मापनाची रीतही नेमून दिलेली असते, ती याच कारणाने.