घटक ६ : शब्द आणि वर्तन (संदर्भ : भंडारदरा परिसरातील काजवे)

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• शब्दाचा कोशगत अर्थ आणि त्याच्या सहचारी शब्दांतून निर्माण होणारी अपेक्षा यांतील भेद सांगता येईल.
• पर्यटनविषयक मजकुरातील शब्दनिवड तपासता येईल.
• अभयारण्यासाठी परिणामकारक सूचनाफलक लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शब्द केवळ वस्तूचा निर्देश करत नाही, तर त्या वस्तूशी कसे वागावे याचीही सूचना देतो. हे तत्त्व आपण एका उदाहरणातून समजावून घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर याच परिसरात येते. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याभोवतीच्या झाडांवर असंख्य काजवे लुकलुकू लागतात. ते पाहण्यासाठी दूरदूरच्या शहरांतून लोक येतात. या पर्यटनाला ‘काजवा महोत्सव’ हे नाव रूढ झाले आहे.

६.२ काजव्याचा प्रकाश

संस्कृतात काजव्याला ‘खद्योत’ म्हणतात. ‘ख’ म्हणजे आकाश आणि ‘द्योत’ म्हणजे प्रकाश. मराठी वाक्प्रचारांनी मात्र काजव्याला फारसा मान दिलेला नाही. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ यात वेदना किंवा घेरी आहे, तर ‘सूर्यापुढे काजवा’ यात क्षुद्रता.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातील कीटक होय. त्याच्या पोटाच्या टोकाशी रासायनिक क्रियेतून प्रकाश निर्माण होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. अनेक जातींत नर उडता उडता ठरावीक लयीने प्रकाशतो व गवतात किंवा झुडपावर बसलेली मादी प्रकाशानेच उत्तर देते. म्हणजे आपण ज्याला रोषणाई समजतो, तो वस्तुतः एक संवाद असतो. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते. मोटारीचा दिवा किंवा विजेरीचा झोत पडला की या संकेतांत व्यत्यय येतो, मीलन हुकते आणि पुढील पिढी घटते. अळ्या ओलसर जमिनीत वाढतात व गोगलगायींसारखे जीव खातात. त्यामुळे वाट सोडून झाडाखाली केलेली तुडवातुडवही घातक ठरते.

६.३ ‘महोत्सव’ या शब्दाचा भार

‘महा’ आणि ‘उत्सव’ यांच्या संधीतून ‘महोत्सव’ हा शब्द झाला आहे. मराठीत त्याचे सहचारी शब्द कोणते? गर्दी, रोषणाई, वाद्ये, जल्लोष. उत्सवाला निघालेला माणूस हीच अपेक्षा मनात घेऊन निघतो. काजव्यांना मात्र अंधार, शांतता आणि विरळ वावर हवा असतो. नाव आणि वस्तू यांच्या गरजा अशा परस्परविरुद्ध आहेत. अर्थात, केवळ शब्दामुळे गोंगाट होतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. वाहनांची संख्या, व्यवस्थेच्या मर्यादा ही कारणे आहेतच. शिवाय या पर्यटनातून स्थानिक कुटुंबांना भोजन, निवास आणि वाटाड्याचे काम यांद्वारे चार पैसे मिळतात. ती गरजही खरी आहे. प्रश्न पर्यटन असावे की नसावे हा नसून, पाहुण्याला आपण कोणत्या शब्दाने बोलावतो हा आहे.

६.४ तुलना : ‘देवराई’

‘देवराई’ या सामासिक शब्दाचा सरळ अर्थ ‘देवाची राई’ असा होतो. पण या शब्दासोबत एक मर्यादाही येते. तेथील फांदी तोडू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. षष्ठी तत्पुरुषातील ‘देव’ हे पूर्वपदच मालकी स्पष्ट करते. सह्याद्रीतील अनेक देवराया या संकेताच्या आधाराने टिकल्या. एका शब्दात आमंत्रण आहे, तर दुसऱ्यात संयम.

६.५ उपयोजन : सूचनाफलक

पुढील दोन फलकांची तुलना करा.

(अ) ‘गोंगाट करू नये. प्रकाशझोत वापरण्यास सक्त मनाई आहे.’

(आ) ‘काजवे एकमेकांना प्रकाशाने साद घालतात. आपला दिवा मालवा, म्हणजे त्यांना ती साद कळेल.’

पहिल्या फलकात निषेध आहे. कारण दिलेले नाही आणि काजव्याचा उल्लेखही नाही. दुसऱ्यात काजवा कर्ता आहे आणि आज्ञेला कारणाचा आधार आहे. नियमासाठी पहिला फलक आवश्यक असला, तरी मन वळवण्याचे काम दुसरा अधिक चांगले करतो. शक्यतो दोन्हींचा मेळ घालावा.

सारांश

शब्दाभोवतीचे सहचारी शब्द वाचकाच्या मनात अपेक्षा निर्माण करतात आणि त्या अपेक्षेचा वर्तनावर परिणाम होतो. म्हणून वन्यजीवांविषयी लिहिताना शब्दाची निवड ही शैलीची बाब राहत नाही. ती जबाबदारी ठरते.

स्वाध्याय

१. ‘काजवा महोत्सव’ या नावाला तीन पर्यायी नावे सुचवा व प्रत्येकाचे सहचारी शब्द लिहा.
२. आपल्या परिसरातील डोंगर, तळे किंवा देवराई यांपैकी एका स्थळासाठी चाळीस शब्दांचा सूचनाफलक तयार करा.
३. मराठी वाक्प्रचारांतील कोणत्याही दोन प्राण्यांची प्रतिमा आणि त्यांचे प्रत्यक्ष जीवन यांतील अंतर स्पष्ट करा.