ओव्हनचा कूलिंग फॅन: आधी तपासा, मग बदला, मगच बिल करा



कमी भांडवलात घरगुती उपकरणं दुरुस्तीचा व्यवसाय कसा सुरू करायचा, ते आपण मागच्या व्हिडिओत पाहिलं. त्यात ओव्हनच्या कूलिंग फॅनचं काम मी ओझरतं दाखवलं होतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सगळं मावत नाही, म्हणून हा सविस्तर धडा. वही-पेन घेऊन बसा.

काम एकच आहे: मॉड्युलर किचनमध्ये कपाटात बसवलेल्या इलेक्ट्रिक ओव्हनचा बिघडलेला कूलिंग फॅन बदलणं. काम छोटं, पण चुकलं तर पैसे आणि नाव दोन्ही जातं. माझं गेलं होतं. आधी तेच सांगतो.

माझी महागात पडलेली चूक

पुण्यात मी स्वतः दुरुस्तीची कामं घ्यायचो तेव्हाची गोष्ट. केकच्या ऑर्डर घेणाऱ्या एका ताईंचा फोन आला. केक अर्ध्यावर असताना ओव्हन आपोआप बंद पडायचा आणि थंड झाला की पुन्हा चालू व्हायचा. शनिवारी त्यांना तीन केक द्यायचे होते. मी गेलो, कूलिंग फॅन फिरत नाही हे पाहिलं आणि छाती ठोकून म्हणालो, "ताई, फॅन गेलाय." नवा फॅन आणला, बाहेरच सप्लाय देऊन फिरवून पाहिला, बसवला आणि पैसे घेऊन निघालो.

शुक्रवारी रात्री फोन. "दादा, परत बंद पडला हो."

जुना फॅन ठणठणीत होता. बिघडला होता तो फॅन चालू करणारा थर्मोस्टॅट. त्यामुळे नव्या फॅनलाही वीज पोचत नव्हती. जुना फॅन मल्टिमीटरवर तपासला असता तर दोन मिनिटांत शंका आली असती. नवा बसवल्यावर ओव्हन तापवून अर्धा तास थांबलो असतो, तरी कळलं असतं. नंतर मी मजुरी परत केली, थर्मोस्टॅट स्वखर्चाने टाकला. पण ते तीन केक ताईंना दुसरीकडून करून घ्यावे लागले. त्या सोसायटीतून मला पुन्हा एकही फोन आला नाही.

म्हणून आजचा धडा एका वाक्यात: गिऱ्हाईक पार्टचे पैसे देत नाही, दोष बरोबर शोधल्याचे देतं.

दोन फॅन, दोन कामं

ओव्हनमध्ये फॅन म्हटलं की नवीन माणूस गोंधळतो. आतल्या पोकळीच्या मागच्या भिंतीला असतो तो कन्व्हेक्शन फॅन. तो गरम हवा पदार्थाभोवती फिरवतो. कूलिंग फॅन वेगळा. तो पोकळीच्या वर, पत्र्याच्या आड असतो आणि गरम हवा दरवाजा व कंट्रोल पॅनेल यांच्यामधल्या फटीतून बाहेर ढकलतो. त्याच्यामुळे नॉब, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि शेजारचं लाकडी फर्निचर वाचतं. तो थांबला की वरचा भाग जास्त तापतो आणि सेफ्टी कटआऊट ओव्हन बंद करतो.

साध्या ओटीजीमध्ये सहसा हा कूलिंग फॅन नसतो. आणि मायक्रोवेव्हचं तंत्र पूर्ण वेगळं. त्याच्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विजेचा साठा राहू शकतो. त्याचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय मायक्रोवेव्ह उघडूच नका.

फोनवरच अर्धं निदान करा

गिऱ्हाइकाला पाच प्रश्न विचारा: आवाज येतो का? कुठून येतो? फॅन अजिबात फिरत नाही का? ओव्हन मध्येच बंद पडतो का? वॉरंटी संपली का? वॉरंटी शिल्लक असेल तर काम घेऊ नका, कंपनीकडे पाठवा.

- फॅन फिरत नाही, पॅनेलला चटका बसतो: मोटरची वाइंडिंग तुटलेली, फॅन जाम, लग सैल किंवा जळालेला, थर्मोस्टॅट खराब किंवा कार्डमधून सप्लाय नाही. म्हणजे पाच संशयित. थेट फॅनवर आरोप नको.
- किरकिर किंवा घरघर: मोटरचं बुश सुकलेलं, पाती घासतायत किंवा तेलकट धूळ बसलेली. नुसत्या सफाईने भागत असेल तर सफाईच करा.
- ओव्हन बंद केल्यावरही फॅन चालू राहतो: काही वेळ चालणं अगदी नॉर्मल आहे, तो आतली उष्णता बाहेर काढत असतो. गिऱ्हाइकाला फोनवरच सांगा, "ताई, बिघाड नाही, थंड झाला की थांबेल." ती व्हिजिट बुडाली असं समजू नका, पुढचं काम तुम्हालाच मिळेल. मात्र ओव्हन पूर्ण थंड होऊनही फॅन थांबत नसेल तर दोष थर्मोस्टॅट किंवा कार्डमध्ये असतो. तिथे नवा फॅन विकणं म्हणजे फसवणूक.

प्रत्यक्ष काम, पायरीपायरीने

आधी एक गोष्ट स्पष्ट. ओव्हन २३० व्होल्टवर चालतो. इलेक्ट्रिकलचं शिक्षण नसेल तर आयटीआयचा कोर्स करा किंवा अनुभवी तंत्रज्ञाच्या हाताखाली काही महिने काढा. हा लेख वाचून थेट गिऱ्हाइकाचा ओव्हन उघडू नका.

१. सप्लाय तोडा. ओव्हन थंड होऊ द्या. एमसीबी पाडा, त्यावर चिठ्ठी लावा, घरातल्यांनाही सांगा. प्लग असेल तर काढा. मग मीटरने सप्लाय खरंच गेलाय याची खात्री करा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका.

२. ओव्हन बाहेर घ्या. दरवाजा उघडल्यावर चौकटीच्या बाजूंना स्क्रू दिसतात. ते काढून ओव्हन सरकवा. वजन बरंच असतं, एकट्याने उचलू नका. टाइल्सवर गोधडी किंवा जाड पुठ्ठा अंथरा. टाइलला ओरखडा पडला की तुमची कमाई तिथेच संपली.

३. कव्हर काढा आणि आधी फोटो काढा. कुठली वायर कुठे आहे याचे चार बाजूंनी फोटो. स्क्रू डबीत ठेवा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

४. फॅन तपासा. हाताने फिरवा, मोकळा फिरतो का बघा. दोन्ही लग काढून मल्टिमीटरने वाइंडिंगचा रोध मोजा. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे सर्किट उघडं असेल, तर वाइंडिंग तुटली. ठराविक ओहम दाखवत असेल आणि फॅन मोकळा फिरत असेल, तर लग, वायर, थर्मोस्टॅट आणि सप्लाय तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी आली तर मोटर बाद. चालू सप्लायवरचं मोजमाप अनुभवी माणसालाच करू द्या.

५. बरोबर पार्ट आणा. दरवाजा उघडल्यावर चौकटीवर मॉडेल नंबरची पट्टी दिसते. तिचा फोटो घ्या, मोटरवरच्या लेबलचाही घ्या. जुळवायच्या गोष्टी: व्होल्टेज, वॅट, पात्याची लांबी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, मोटर डावीकडे की उजवीकडे आणि फिरण्याची दिशा. दिशा उलटी असेल तर फॅन फिरेल, पण हवा नीट ढकलणार नाही. ऑनलाइन घेताना जास्त सावध राहा. अमेरिकेतल्या ओव्हनचे काही फॅन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लागतं.

६. बसवा. लग घट्ट बसवा. वायर जळाली असेल तर उष्णता सहन करणारी सिलिकॉन किंवा फायबरग्लास आवरणाची वायर वापरा. साधी पीव्हीसी वायर आणि काळी टेप तिथे वितळते. अर्थिंगची वायर काढली असेल तर सगळ्यात आधी ती परत लावा.

७. चाचणी घ्या. कव्हर लावा आणि सप्लाय देण्याआधी प्लगची अर्थ पिन व ओव्हनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी आहे का पाहा. मग ओव्हन जागेवर बसवून सुरू करा आणि २०० अंश सेल्सिअसवर अर्धा तास चालवा. काही मॉडेलमध्ये फॅन लगेच सुरू होतो, काहींत ओव्हन तापल्यावर. वरच्या फटीतून हवा येते का बघा. ओव्हन बंद करा आणि थंड झाल्यावर फॅन थांबतो का तेही बघा. घाई असली तरी ही पायरी चुकवू नका. माझं नाव इथेच गेलं होतं.

आता पैशाची गोष्ट

नवीन कारागीर म्हणतो, "पार्ट १,५०० चा, वर माझे ५००." ऐकायला बरं वाटतं. आता हिशेब करू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही टाका.

- पार्ट: १,५०० रुपये
- दोन फेऱ्यांचं पेट्रोल: १५० रुपये
- तपासणी, बसवणं, चाचणी मिळून ३ तास, तासाला २५०: ७५० रुपये
- एकूण: २,४०० रुपये
- परत जावं लागलं तर म्हणून १० टक्के: २४० रुपये
- गिऱ्हाइकाला सांगायची रक्कम: २,६४० रुपये

२,००० सांगणाऱ्याच्या ५०० मधून पेट्रोलचे १५० गेले. उरले ३५०, तेही ३ तासांचे. म्हणजे तासाला जेमतेम ११७ रुपये. त्यात एक फेरी जास्त झाली की तेही आणखी कमी.

तीन नियम पाळा. व्हिजिट चार्ज फोनवरच सांगा आणि काम मिळालं तर तो बिलात वळता करा. पार्ट आणण्याआधी व्हॉट्सॲपवर लेखी अंदाज पाठवून होकार घ्या. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि मीटरवर त्याचा दोष दाखवा. दोष डोळ्यांनी दिसला की माणूस घासाघीस कमी करतो आणि शेजाऱ्यालाही तुमचाच नंबर देतो.

बिलावर तारीख, पार्टचा नंबर आणि तुमच्या कामाची हमी किती दिवसांची, हे लिहा. पार्टची हमी आणि मजुरीची हमी वेगवेगळी लिहा, म्हणजे पुढे वाद नको.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या भागातल्या दोन स्पेअर पार्टच्या दुकानांत जा. कूलिंग फॅन किती दिवसांत मिळतो आणि चुकीचा निघाला तर परत घेतात का, ते विचारा.

२. वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी वहीत मांडा.

३. फोनवरचे पाच प्रश्न कागदावर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा.

हे तिन्ही केल्याशिवाय पुढचा भाग पाहू नका. पुढच्या वेळी थर्मोस्टॅट उघडून बसू, ज्याने मला धडा शिकवला तोच. तोपर्यंत शिकत राहा, हिशेब लिहीत राहा. भेटूया!