नाममुद्रेचे स्थलांतर : पंडवानी, तमाशा आणि दूरचित्रवाणीवरील कलावंत-वार्ता

हावडा–मुंबई लोहमार्गाने नागपूरहून रायपूरकडे जाताना राजनांदगाव मागे पडले की, शिवनाथ नदी ओलांडून दुर्ग शहरात शिरण्याच्या अगोदर रसमडा हे लहानसे स्थानक लागते. पोलादाच्या व स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे आज या नावाला औद्योगिक वसाहतीचा अर्थ चिकटला आहे. परंतु लोकसाहित्याच्या अभ्यासकाला हा दुर्ग–भिलाईचा टापू निराळ्या कारणाने परिचित असतो. पंडवानी या आख्यान-गायनाचे झाडूराम देवांगन, पूनाराम निषाद, तीजनबाई, ऋतू वर्मा असे अनेक श्रेष्ठ गायक याच परिसराने दिले. त्यांपैकी तीजनबाईंचे जन्मगाव गनियारी भिलाईपासून अवघ्या चौदा-पंधरा किलोमीटरांवर आहे, आणि त्यांनी नोकरीही भिलाई पोलाद कारखान्यातच केली.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र पंडवानीचे स्वरूप हा नाही. त्या विषयावर हिंदीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पंडवानी गाणाऱ्या व्यक्तीविषयी दूरचित्रवाणीने आणि तिच्या अनुषंगाने वाढलेल्या मनोरंजन-वार्तांनी जे एक नवे आख्यान रचले, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. हे आख्यान मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. विठाबाई नारायणगावकरांच्या बाबतीत ते आपल्याकडेही रचले गेले आहे.

मौखिक परंपरेत गायकाचे नाव कोठे येते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. मराठी शाहिरी कवनात ते शेवटी येते. रामजोशी, अनंत फंदी, प्रभाकर यांची नाममुद्रा रचनेच्या अखेरच्या कडव्यात असते. अभंगातही तोच संकेत आहे. याचा अर्थ एवढाच की, श्रोता आधी कवन ऐकतो, त्याला मान डोलावतो आणि मग कवीला नावाने ओळखतो. नाव हे रचनेच्या आतील एक घटक असते. ते छंदात बसवावे लागते. रचनेबाहेर उभे राहून रचनेची जागा घेणे त्याला शक्य नसते. दूरचित्रवाणीवरील कलावंत-वार्तेने ही नाममुद्रा शेवटून उचलून आरंभी आणली. तेवढ्यावर न थांबता तिचा विस्तार केला, आणि कवनाला जागा उरली नाही.

पंडवानीच्या प्रयोगात मुख्य गायक हातात तंबुरा व करताल घेऊन महाभारतातील एखादा प्रसंग गातो, सांगतो आणि अभिनित करतो. त्याच्या साथीला पेटी, तबला, ढोलक, मंजिरी ही वाद्ये असतात. पण सर्वांत महत्त्वाचा साथीदार म्हणजे रागी. रागी हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, श्रोत्यांच्या मनातली शंका बोलून दाखवतो, गायकाचा शेवटचा शब्द उचलून धरतो. पोवाड्यातील झीलकऱ्याची ‘जी जी’ आणि गोंधळातील नाईकाच्या साथीदाराचे भाबडे प्रश्न यांचे काम येथे एकाच माणसाकडे आलेले दिसते. आख्यान पुढे सरकते ते या दोघांच्या संवादातून. प्रसंग किती ताणावा, कोठे थट्टा करावी, भीमाला गावातल्या कोणत्या पैलवानाची चाल द्यावी, हे सारे त्या रात्रीच्या श्रोत्यांवर आणि रागीच्या हुंकारावर ठरते. अशी आख्याने अनेक रात्री चालत.

आता १९८८ हे वर्ष पाहू. या वर्षाच्या अखेरीस दूरदर्शनवर एकाच सुमारास दोन महाभारते दाखवली जात होती. बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाली आणि जून १९९० पर्यंत चौऱ्याण्णव भागांत चालली. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही त्रेपन्न भागांची मालिका त्याच वर्षी नोव्हेंबरात आली. तिच्यातील महाभारतविषयक भागांत तीजनबाईंचे गायन आणि नटांनी उभे केलेले प्रसंग यांची गुंफण केलेली होती. तौलनिक अभ्यासकाने या दोहोंतील कथनकार शेजारी ठेवून पाहावेत. चोप्रांच्या मालिकेत कथनकार आहे ‘समय’. त्याला देह नाही, गाव नाही, बोली नाही. फिरते चक्र आणि हरीश भिमाणी यांचा आवाज एवढेच त्याचे अस्तित्व. राही मासूम रजा यांची हिंदी त्याच्या तोंडी आहे आणि ती भारदस्त आहे यात संशय नाही. बेनेगलांच्या मालिकेत कथा सांगणारी एक देहधारी स्त्री आहे. तिच्या अंगावर छत्तीसगढी दागिने आहेत, तिच्या हातातला तंबुरा क्षणात गदा होतो आणि क्षणात धनुष्य, आणि तिची भाषा दिल्लीच्या प्रेक्षकाला निम्मीच कळते. तरीही प्रेक्षक ऐकत राहतो. माझ्या मते भारतीय दूरचित्रवाणीने मौखिक आख्यानाला दिलेली ही सर्वांत सन्मानाची वागणूक होय. तीजनबाई तेथे येतात त्या व्यासाच्या आसनावर. त्यांच्या संसाराची, जातीची, हालअपेष्टांची कहाणी तेथे कोणी विचारत नाही.

वस्तुतः या प्रदेशाचे आणि दूरचित्रवाणीचे नाते त्याहूनही जुने आहे. १९७५–७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत झाला, त्यात रायपूर परिसरातील खेडी होती. मुंबई केंद्र १९७२ पासून सुरू असले, तरी महाराष्ट्रातील बहुसंख्य खेड्यांनी तोवर पडदा पाहिलेला नव्हता. तेव्हा माध्यम नवे म्हणून लोककलावंत गोंधळला, असे जे सरसकट म्हटले जाते ते या टापूला लागू करता येत नाही.

फरक पडला तो पुढे, खाजगी वाहिन्या आणि चोवीस तास चालणारी वृत्तप्रक्षेपणे आल्यावर. मराठीत ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ २००७ मध्ये सुरू झाल्या. हिंदीत हे आधीच घडले होते. वृत्तवाहिनीला दोन-तीन मिनिटांचा तुकडा लागतो. पंडवानीचा प्रसंग तेवढ्यात मावत नाही. पंडवानी गाणारीचे आयुष्य मात्र मावते, कारण त्याचे टप्पे आधीच ठरून गेले आहेत. तीजनबाईंविषयीची वार्ता कोणतीही घ्यावी, तिचा क्रम असा असतो : पारधी कुटुंबात जन्म, आजोबा ब्रजलाल यांच्या तोंडून महाभारत ऐकणे, तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावी दहा रुपयांवर पहिला कार्यक्रम, बाईने उभे राहून गाणे हे पाप ठरून समाजातून बहिष्कार, एकटीने बांधलेली झोपडी, हबीब तन्वीर यांची दृष्टी पडणे, मग परदेश आणि सन्मान. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ मध्ये पद्मभूषण, २०१८ मध्ये जपानमधील फुकुओका पारितोषिक, २०१९ मध्ये पद्मविभूषण. प्रत्येक सन्मानाच्या वेळी हाच क्रम पुन्हा सांगितला गेला. मौखिक आख्यानाचे जे नियम आपण शिकवतो, म्हणजे ठरीव प्रसंग, ठरीव विशेषणे, नायकाचा वनवास आणि प्रत्यागमन, ते सारे या वार्तेने पाळले आहेत. पाळला नाही तो एकच : प्रयोगागणिक पाठ बदलणे. वार्तेचा पाठ गोठलेला आहे.

विठाबाईंच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने घडले. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढलेल्या, दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेल्या या कलावतीविषयी सामान्य मराठी माणसाला आज एक गोष्ट हमखास ठाऊक असते. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. दुसरी गोष्ट ठाऊक असते ती त्यांच्या अखेरच्या हलाखीची. २००२ मध्ये त्या निवर्तल्या तेव्हा आणि त्यानंतर प्रत्येक स्मृतिदिनाला या दोनच गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत. पहिली गोष्ट विलक्षण आहे. ती ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण विठाबाईंचे कोणते वग गाजले, गणगवळणीनंतर त्या रंगबाजी कशी उभी करीत, लावणी म्हणताना शब्द कोठे तोडीत, हे विचारले असता बहुधा मौन पडते. तुलनेसाठी बैठकीच्या लावणीच्या यमुनाबाई वाईकर यांचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या आयुष्यात असा एकच एक चमत्कारवत प्रसंग वार्ताहरांच्या हाती लागला नाही. त्यांना अकादमीचा पुरस्कार १९७५ मध्येच मिळाला, पद्मश्री २०१२ मध्ये, आणि २०१८ मध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या. वार्ता त्यांच्या वाट्याला कमी आली. मात्र जी आली तीत अदाकारीचा, रागदारीचा उल्लेख तरी सापडतो.

हा दोष दूरचित्रवाणीचाच, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटांनी शाहिराचे चरित्र त्याच्या कवनापुढे आणून ठेवलेच होते. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची कहाणी तर चित्रपटाची वाट न पाहता फडाफडांतून पसरली. परंतु या सर्व ठिकाणी चरित्राच्या आत गाणे शिल्लक होते. लोक ते गुणगुणत बाहेर पडत. दोन मिनिटांच्या वार्तेत गाणे उरते ते निवेदकाच्या आवाजाखाली, हळू केलेले.

गाण्याच्या स्पर्धांनी हीच रीत वेगळ्या वाटेने आणली. तेथे स्पर्धकाच्या गाण्याआधी त्याच्या घरची चित्रफीत असते : गाव, आईवडील, अडचणी, डोळ्यांत पाणी. २००८–०९ च्या मराठी ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची आठवण निघाली म्हणजे लोक मुलांची नावे आणि स्वभाव सांगतात. या कार्यक्रमाने अभंग, नाट्यगीत, लावणी घराघरांत नेली हे मान्य करावयास हवे, आणि मी ते मनापासून करतो.

कलावंत-वार्तेची उपयुक्तताही नाकारता येणार नाही. तीजनबाईंचे उभे राहून गाणे देशाने पाहिले, म्हणून दुर्ग–भिलाईच्या कितीतरी मुलींना तंबुरा हाती घेणे सोपे गेले. २०२३ मध्ये भिलाईच्याच उषा बारले यांना पद्मश्री मिळाली, ती याच वाटेने. स्त्रीला मंच मिळण्यात वार्तेचा वाटा आहे. माझी तक्रार एवढीच की, मंचावर काय गायले गेले याची नोंद ठेवण्याचे काम वार्तेने आपल्याकडून नकळत काढून घेतले, आणि आपण विद्यापीठीय अभ्यासकांनी ते बिनतक्रार जाऊ दिले.

त्याचा पुरावा एका संज्ञेत पाहावा. तीजनबाई कापालिक शैलीत गातात आणि झाडूराम वेदमती शैलीत, हे वाक्य प्रत्येक वार्तेत असते. त्याचा अर्थ पहिल्या उभ्याने गातात, दुसरे बसून, असा दिला जातो. वास्तविक वेदमती म्हणजे लिखित ग्रंथाला, या प्रदेशात मुख्यतः सबलसिंह चौहान यांच्या महाभारताला, अनुसरणारी. आणि कापालिक म्हणजे गायकाच्या कपाळात, स्मृतीत असलेली, ग्रंथाला न बांधलेली. आता तीजनबाईंनी आजोबांकडून ऐकले ते सबलसिंहांचेच महाभारत होते. मग त्यांचे गायन पाठाच्या दृष्टीने कोणत्या शैलीत बसते? उभे राहण्याचा आणि ग्रंथ सोडण्याचा संबंध अटळ आहे काय? हा प्रश्न सोडवण्यासाठी प्रयोगाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण, त्याचे छत्तीसगढीतील लिप्यंतर आणि सबलसिंहांच्या पाठाशी ओळीओळीने मेळ हवा. असे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दिले की प्रथम ते मुलाखती आणून देतात. मुलाखती खूप आहेत. संपूर्ण प्रसंग, पहिल्या वंदनेपासून शेवटच्या जयजयकारापर्यंत, रागीच्या प्रत्येक हुंकारासह, मिळवताना दमछाक होते. कारण संपादकाची कात्री चालते ती नेमकी रागीच्या बोलण्यावर. त्याचा प्रश्न म्हणजे पुनरुक्ती, त्याचा हुंकार म्हणजे व्यत्यय, असे तिला वाटते.

होनाजी बाळा ही मराठी शाहिरीतील सर्वांत प्रसिद्ध नाममुद्रा दोन माणसांची आहे. होनाजी शिलारखाने रचना करी, त्याचा मित्र बाळा करंजकर ती गाई. कवनाच्या शेवटी दोघेही एकाच दमात उच्चारले जात. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पंडवानी गाणारीचे नाव, तिचे वय, गाव आणि पुरस्कार खालच्या पट्टीत झळकतात. तिच्या डाव्या-उजव्या हाताला बसून हुंकार भरणाऱ्या रागीचे नाव त्या पट्टीत मला अद्याप वाचावयास मिळालेले नाही.