कच्चे आणि पक्के : घरी मातीकाम शिकताना



आमच्या जबलपूरची माती भांड्यांसाठी पूर्वीपासून कामाची मानली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्न कंपनीने येथे मातीकामाचा कारखाना काढला. कुंभारांची चाके तर त्याच्या कितीतरी आधीपासून येथे फिरत आहेत. आज अनेक तरुण घराच्या गॅलरीत किंवा गच्चीवर मातीकाम सुरू करू पाहतात. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. मीही असेच सुरू केले. त्यातून जे शिकले ते आपल्यासमोर ठेवते.

जागा आणि साधने

सुरुवातीला चाक विकत घेऊ नका. सहा फूट बाय आठ फूट जागा, धुता येईल अशी फरशी, कमरेएवढे टेबल, त्यावर ताणून बसवलेले जाड कापड, दोन बादल्या, कापायला तार आणि ओले फडके एवढे पुरे. पहिले दोन-तीन महिने हातानेच घडवा. गोळ्यात अंगठा घालून चिमटीने वाटी करा. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करा. लाटण्याने पाट लाटून चौकोनी डबा जोडा. या तीन रीती हातात बसल्या की चाकाकडे वळा.

दोन काळज्या पहिल्या दिवसापासून घ्या. वाळलेली माती कधीही झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर फुप्फुसे निकामी करते. दुसरे, हात धुतलेले पाणी मोरीत ओतू नका. ते बादलीत रात्रभर ठेवा. वरचे निवळ पाणी झाडांना घाला आणि तळाचा गाळ सुकवून पुन्हा मळा. भाजण्याआधीची माती कधी वाया जात नाही. चुकलेले भांडे भिजवले की पुन्हा गोळा होतो. शिकणाऱ्यावर एवढी दया करणारी वस्तू विरळच.

भाजणे

भाजल्यावर मात्र ही दया संपते. साधी लाल माती साधारण 900 ते 1000 अंश सेल्सिअसला पक्की होते. दगडासारख्या घट्ट भांड्यांना 1200 अंशांच्या वर जावे लागते. 100 अंशांच्या आसपास आतल्या ओलाव्याची वाफ होते. बाहेर पडायला तिला वेळ मिळाला नाही तर ती भांडे फोडून निघते. म्हणून वस्तू पूर्ण सुकलेली हवी आणि सुरुवातीची आच अगदी मंद हवी. सुकले की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. भांडे गालाला लावा. गार लागले तर आत ओल आहे.

विजेच्या भट्टीला वेगळी वायरिंग आणि मोकळी हवा लागते. त्यामुळे पहिले वर्षभर दुसऱ्याच्या भट्टीत भाजून घेणे शहाणपणाचे. खाण्यापिण्याच्या भांड्यांना झिलई द्यायची असेल तर ती शिसे नसलेलीच घ्या.

माझे चाळीस दिवे

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी मी शेजाऱ्यांकडून चाळीस उभ्या दिव्यांची मागणी घेतली आणि आगाऊ पैसेही घेतले. दिव्यांचे खांब भरीव होते. पाऊस नुकताच संपला होता आणि हवा दमट होती. खांब आतून सुकले नव्हते, हे गालाला लावल्यावर मला कळलेही होते. पण तारीख जवळ आली होती. शहराबाहेरच्या एका वयस्कर कुंभारकाकांनी आपल्या आव्यात माझे दिवे ठेवू देण्याचे कबूल केले होते. त्यांनी विचारले, "बेटा, सूख गए न?" मी म्हणाले, "हाँ, काका।"

आवा उघडला तेव्हा माझे चाळीसपैकी तेवीस दिवे फुटलेले होते. त्यांचे तुकडे उडून काकांच्याही अकरा सुरया फुटल्या होत्या. काका रागावले नाहीत. एक तुकडा उचलून त्यांनी पाहिला आणि खाली ठेवला. मला ते रागावण्यापेक्षा जड गेले.

घरी येऊन आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "दिव्यांचं राहू दे. आधी सुरयांचे पैसे देऊन ये, आणि खोटं बोललीस तेही सांगून ये." मी तसे केले. शेजाऱ्यांना आगाऊ रक्कम परत दिली आणि ज्यांना चालणार होते त्यांना काकांच्याच पणत्या नेऊन दिल्या.

हिशेबाचा धडा

परिव्यय लेखांकनात नुकसानाचे दोन प्रकार शिकवतात. सामान्य नुकसान कामातच अटळ असते. त्याचा भार चांगल्या मालाच्या किमतीत धरतात. असामान्य नुकसान निष्काळजीपणाने होते. ते मालाच्या किमतीत मिसळता येत नाही, त्याचे खाते वेगळे मांडावे लागते.

शिकतानाही असेच आहे. वाकडी झालेली वाटी, तडकलेला कान, बसलेले भांडे हे सामान्य नुकसान. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या प्रत्येक चांगल्या भांड्यात त्याची किंमत वसूल होते. पण ठाऊक असून केलेली घाई आणि त्यासाठी बोललेले खोटे यांना "शिकताना चुका होतातच" या सदरात टाकू नका. ते खाते वेगळे लिहा आणि ज्याचे देणे आहे त्याला चुकते करा.

कोणाकडे शिकावे

आपल्या गावातला कुंभार हाच पहिला गुरू. त्याचा वेळ फुकट मागू नका. शिकवण्याचा मोबदला द्या. पुढे जायचे असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचा ग्रामोदय संघ पाहून या. गांधीविचाराचे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी तो उभारला. बेळगावजवळ खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची मातीकाम शिकवणारी संस्था आहे. याच आयोगाने 2018 मध्ये कुंभार कुटुंबांना विजेची चाके देण्याची योजना सुरू केली.

या आठवड्याचा अभ्यास

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोण कच्चे, कोण पक्के हे पाहिल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भाजलेले भांडे बोटाने वाजवा. पक्के असेल तर खणखणीत आवाज येतो, तडा असेल तर बद्द. या आठवड्यात एकच वाटी घडवा. ती सावलीत हळूहळू सुकू द्या आणि रोज गालाला लावून पाहा. रात्री वहीत दोन ओळी लिहा: आज काय बिघडले, आणि त्यात न शिकल्यामुळे किती व घाईमुळे किती. वाटी सुकायला आठवडा लागेल. तेवढे दिवस थांबता आले तर पहिला धडा झाला असे समजा.