पगार नसलेली टीम नऊ रविवार कशी टिकते? दादाच्या फ्लोअरबॉल सीझनचा हिशोब

मागच्या व्हिडिओत स्टाफवर बोलताना मी माझ्या मावसभावाच्या फ्लोअरबॉल टीमचा एका वाक्यात उल्लेख केला आणि पुढे गेलो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की हा फ्लोअरबॉल काय प्रकार आहे आणि त्याचा आपल्या धंद्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका वाक्यात मावणारा नाही, म्हणून हा लेख. थोडा मोठा आहे. चहा घेऊन बसा.

दादा नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडला, झुरिकजवळच्या एका गावात राहतो. फ्लोअरबॉल म्हणजे सोप्या भाषेत बंद हॉलमधली हॉकी. काठी प्लॅस्टिकची आणि हलकी, चेंडू पोकळ, २६ भोकांचा, वजन फक्त २३ ग्रॅम. मैदानाला चारी बाजूंनी गुडघ्याएवढा कठडा असतो, त्यामुळे चेंडू बाहेर कमी जातो आणि खेळ थांबत नाही. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९८६ मध्ये स्वीडन, फिनलंड आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून काढली, म्हणजे दादा राहतो तो देश या खेळाच्या घरातलाच. तिकडे त्याला उनिहॉकी म्हणतात आणि गावोगावी क्लब असतात. आपल्याकडे कबड्डीचं मंडळ असतं तसं.

मोठ्या मैदानावर पाच खेळाडू आणि एक गोलकीपर असतो. खालच्या हौशी लीगमध्ये मात्र बरेचसे सामने छोट्या मैदानावर होतात, तीन खेळाडू आणि एक गोलकीपर असे. दादाची टीम यातली. एका गटात दहा टीम. सप्टेंबर ते मार्च या काळात नऊ रविवार, प्रत्येक रविवारी दोन सामने, म्हणजे सीझनला अठरा. सगळ्या दहा टीम एकाच हॉलमध्ये जमतात, सकाळी नऊला पहिला सामना आणि संध्याकाळपर्यंत एकामागून एक. प्रत्येक सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा.

आता आपल्या कामाचा मुद्दा. या लोकांना एक रुपयाही मिळत नाही. उलट क्लबची वर्गणी तेच भरतात, खेळायच्या लायसन्सचे पैसे लागतात, आणि थंडीत रविवारी सकाळी सहाला उठून दुसऱ्या गावाला गाडी चालवत जायचं. तिथला मॅनेजर माणसाला पगारवाढ देऊ शकत नाही आणि पगार कापूही शकत नाही. माणूस यायचा बंद झाला तर विषय संपला. मी बीबीएला मोटिव्हेशनच्या थिअऱ्या पाठ करून पेपर लिहिले, पण पैसा पूर्ण बाजूला काढला तर मॅनेजमेंटमध्ये काय उरतं हे मला दादाच्या फोनवरून कळलं.

झालं असं. मागच्या सीझनला जुना मॅनेजर बाजूला झाला आणि ती जबाबदारी दादाच्या गळ्यात पडली. नऊ मैदानी खेळाडू आणि एक गोलकीपर. या खेळात खेळाडू सतत बदलतात, खेळ चालू असतानाच. पंचाला विचारायची गरज नाही, कितीही वेळा बदला. जोर लावून पळायचं असतं, त्यामुळे मिनिटाभरात दम संपतो आणि पुढचे तिघं आत येतात. दादाने नऊ जणांच्या तीन लाईन केल्या. पहिल्या लाईनमध्ये सगळ्यात चांगले तिघं, दुसरीत मधले, तिसरीत उरलेले.

पहिल्या दोन रविवारांत चार सामने झाले, त्यातले तीन जिंकले. गटात तिसरा नंबर. दादाने मला ग्रुप फोटो पाठवला, मी पण अंगठा दाखवला. तो कसा जिंकत होता हे नंतर कळलं. चाळीस मिनिटांपैकी पहिली लाईन अंदाजे २४ मिनिटं मैदानावर, दुसरी १२, आणि तिसरी ४. चार मिनिटांसाठी माणूस पूर्ण रविवार घालवतोय!

पण जिंकत होते ना, मग कोण बोलणार? तिसऱ्या लाईनमधला कोणी तोंडाने काही बोलला नाही. चौथ्या रविवारी एकाच्या मुलाचा वाढदिवस निघाला. पाचव्याला एकाची पाठ धरली. तिसऱ्याने तर मेसेजला उत्तरच दिलं नाही. दादा म्हणाला, "तेव्हा मला हायसं वाटलं रे. म्हटलं बरं झालं, बदलायची कटकट कमी." हे वाक्य त्याने स्वतःहून कबूल केलं, म्हणून मी इथे लिहितोय.

मग जानेवारीतला सहावा रविवार आला. पहिल्या लाईनमधले दोघं तापाने झोपलेले. गोलकीपरला कामावर जावं लागलं. तिसऱ्या लाईनमधलं कोणीच नाही. एकूण आले चार. दुसऱ्या टीमचे खेळाडू उसने घेता येत नाहीत. खेळलाच नाहीत तर सामना हरल्याची नोंद होते, वर दंड. फ्लोअरबॉलचा गोलकीपर हातात काठी न घेता गुडघ्यांवर बसून खेळतो, ते वेगळंच कसब आहे. ज्याने आयुष्यात कधी ते केलं नव्हतं अशा एकाला जाळीसमोर बसवलं आणि उरलेल्या तिघांनी बदलीशिवाय दोन सामने काढले. एक हरले १४-३, दुसरा ९-४. टेबलात आठवा नंबर. तळाला गेलं की खालच्या लीगमध्ये घसरायचं, आणि तळ आता दोन पायऱ्यांवर होता.

पण खरा धक्का टेबलाचा नव्हताच. तिकडे प्रत्येक क्लबने आपल्या टीमच्या प्रमाणात पंच पुरवायचे असतात. नाही पुरवले तर क्लबला दंड. दादाच्या क्लबमधून जे मोजके लोक पंचाचं काम करायचे, त्यातला एक होता तिसऱ्या लाईनमधला, पंचेचाळिशीचा, हळू पळणारा माणूस. त्याने क्लबच्या अध्यक्षांना सांगितलं, की खेळायला मिळत नसेल तर बाकीचे रविवार शिट्टी वाजवण्यात तरी का घालवू? दादाला हे अध्यक्षांकडून कळलं. त्या माणसाकडून नाही. आणि क्लबची पाळी असते तेव्हा हॉलमध्ये केक, कॉफी, सॉसेजचा स्टॉल लावतात, त्यातून क्लबच्या खर्चाला चांगला हातभार लागतो. तो स्टॉल कोण सांभाळायचं? पाठ धरलेला, आणि त्याची बायको.

दादाने माणसांना एकाच फूटपट्टीने मोजलं होतं, गोल किती मारतो. त्या फूटपट्टीवर हे तिघं शून्य. क्लब मात्र त्यांच्यावर उभा होता.

फोनवर हे ऐकताना मी सुरुवातीला सल्ले देत होतो, ट्रेनर आहे ना! मग दादाने सहज विचारलं, "तुझ्याकडचा तो गोदामातला पोरगा काय करतो रे?" मी गप्प.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. आमचा सीझन जून. शाळा सुरू व्हायच्या आधी आठ दिवस आणि नंतर पंधरा दिवस, वर्षाचा मोठा धंदा त्यात. काउंटरवर एक मुलगी आहे, हात विजेसारखा, यादी बघून चार मिनिटांत पूर्ण सेट काढून बिल करते. साहजिकच मी तिलाच पुढे ठेवायचो. गोदामातला मुलगा गठ्ठे उचलायचा. दीड वर्षात मी त्याला गिऱ्हाईकासमोर किती वेळा उभं केलं असेल? आठवत नाही, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले आणि तो आलाच नाही. फोन बंद. मी चार लोकांत म्हटलं, आजकालची पोरं टिकत नाहीत.

त्या संध्याकाळी दुरेघी वह्यांचा गठ्ठा सापडेना. माल होता, हिशोबात दिसत होता. चौरेघी कुठे, लाँग बुक कुठे, ब्राऊन पेपरचे रोल कुठल्या रॅकच्या मागे, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. विजेसारख्या हाताची मुलगी काउंटरवर रिकाम्या हाताने उभी, आणि समोर पालकांची रांग. गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात जाताना मी डोळ्यांनी पाहिली. वह्या माझ्याच गोदामात होत्या!

फरक आहे, मान्य. मी पगार देतो, दादा देत नाही. पण पगाराने माणूस येतो हे जितकं खरं, तितकंच पगार घेऊन तो फक्त हजेरीपुरता येऊ शकतो हेही खरं. दादाच्या टीममध्ये नाराज माणूस रविवारी येत नाही, त्यामुळे जानेवारीत उघडं पडलं. आपल्याकडे तो पगारामुळे येत राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. दादाचा आजार लवकर दिसतो, आपला उशिरा. म्हणून आपल्याला कागद लागतो.

तो कागद असा करा. एका आठवड्यासाठी सगळ्या माणसांची नावं लिहा, स्वतःचंही. पुढे लिहा, दिवसात अंदाजे किती वेळ तो गिऱ्हाईकासमोर किंवा ज्या कामाचं कौतुक होतं अशा कामात असतो. त्याच्या पुढे लिहा, असं काय आहे जे दुकानात फक्त यालाच येतं किंवा माहीत आहे. हा शेवटचा रकाना घाईत भरू नका. मी पहिल्यांदा भरला तेव्हा दोन नावांपुढे रेघ मारली होती. मग त्या दोघांनाच विचारलं, आणि रेघेच्या जागी पाच-पाच गोष्टी आल्या. ज्याचा वेळ सगळ्यात कमी आणि शेवटचा रकाना भरलेला, तो तुमचा पंच. त्याच्याशी याच आठवड्यात बोला. आणि जे काम फक्त एकालाच येतं ते तुमचं गोलकीपरचं काम, ते शिकायला दुसरा माणूस आत्ताच लावा. सीझनमध्ये नाही जमत. अनुभवाने सांगतो.

दादाने सातव्या रविवारपासून नियम बदलला, आणि गुरुवारीच ग्रुपवर लिहून टाकला: पहिल्या वीस मिनिटांत तिन्ही लाईन पाळीपाळीने, सारख्या, स्कोअर काहीही असो. दुसऱ्या डावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत मात्र कोण खेळणार ते मी ठरवणार, तेव्हा कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. पंचवाल्याच्या घरी जाऊन त्याने आधी माफी मागितली. तो आला. सगळ्यात चांगला खेळाडू मात्र भडकला, "मग आपल्याला जिंकायचं नाहीये का?" दादाने त्याला समजावलं, पण त्याला पटलं नाही.

त्या रविवारी एक सामना एका गोलने हरले, एक बरोबरीत. लगेच चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण शेवटच्या रविवारी दहापैकी नऊ जण हॉलमध्ये हजर होते आणि टीम सातव्या नंबरवर थांबली. खालच्या लीगमध्ये घसरली नाही. तिसरा नंबर गेला तो गेलाच.

याची किंमतही सांगतो, कारण असले लेख नेहमी फायदाच सांगतात. तो चांगला खेळाडू सीझन संपल्यावर वरच्या लीगमधल्या क्लबला गेला. आणि माझ्याकडे, मी नव्या मुलाला काउंटरवर उभं केलं तेव्हा पहिले काही दिवस बिलं चुकली, दोन गिऱ्हाईकं वैतागून निघून गेली. म्हणून मी दादाचा शेवटच्या दहा मिनिटांचा नियम दुकानाला लावला. सकाळी अकरा ते दुपारी चार, जेव्हा गर्दी कमी, तेव्हा सगळे सगळीकडे फिरतात. गोदामातला काउंटरवर, काउंटरवरची गोदामात. संध्याकाळी सहानंतर ज्याचा हात वेगवान तो पुढे. हे भिंतीवर लिहून लावलंय. सांगून केलेला फरक माणूस सहन करतो. न सांगता केलेला त्याला लागतो.

वेगवान मुलीला सुरुवातीला हे अजिबात आवडलं नाही. गोदामात धूळ असते, ती म्हणाली. बरोबर आहे, मग मी गोदाम साफ करून घेतलं आणि पंखा लावला. दीड वर्ष तो मुलगा त्याच धुळीत होता आणि मला पंखा सुचला नव्हता.

दादाची पुढच्या सीझनची यादी तयार आहे. पंचवाला आहे, पाठ धरलेला आहे, त्याची बायको स्टॉलला आहे. दुसरा गोलकीपर व्हायला कोणीच तयार नाही, म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी दादाने स्वतःसाठी गुडघ्याचे पॅड घेतलेत. मी त्या मुलाला शेवटी दुसऱ्या नंबरवरून गाठलं. तो आता मोबाईलच्या दुकानात काउंटरवर आहे, खूश आहे. परत यायला तयार नाही झाला, पण एका रविवारी आला, मी दिवसाची मजुरी दिली, आणि त्याने गोदामातल्या प्रत्येक रॅकचा नकाशा काढून दिला. जाताना म्हणाला, "शेठ, दुरेघीचा गठ्ठा तिथेच होता, लॅमिनेशन मशीनच्या मागे."