जो विचारतो, त्याला

आजचं वाचन : पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय ३, वचनं १५ आणि १६



हे वचन मला तोंडपाठ आहे. म्हणजे अर्धं. तरुण संघात असताना पाठांतराच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं त्याला. आपल्या ठायी जी आशा आहे तिच्याबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, इतकं मला पाठ. ते उत्तर सौम्यपणे आणि आदराने द्यायचं, विवेकभाव शुद्ध ठेवून द्यायचं, हा पुढचा भाग मी बरीच वर्षं शेवटी लिहिलेल्या अटी-शर्तींसारखा वाचला. म्हणजे वाचलाच नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या टीममध्ये एक टेस्टर होता, मूळचा मालेगावचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. सगळे त्याला भाई म्हणायचे. आम्ही दोघं रोज एकाच टेबलावर डबा खायचो. डिसेंबरात ऑफिसमध्ये नाताळचं झाड लावलेलं, ते बघून त्याने सहज विचारलं, "अरे, तुमच्या किताबमध्ये मरियमबद्दल काय लिहिलंय रे?"

साधा प्रश्न. कुतूहलाने विचारलेला. पण त्या काळात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मुस्लिम-ख्रिस्ती वादविवादाचे व्हिडिओ बघायचो. माझ्याकडे उत्तरं तयार होती, फक्त ती त्याने न विचारलेल्या प्रश्नांची होती. मरियमेवरून मी त्रैक्यावर गेलो, त्रैक्यावरून क्रूसावर, तिथून कुराणात काय चुकलंय यावर. पंधरा मिनिटांत तो गप्प झाला. शेजारची दोन पोरं हसली. मला वाटलं, जिंकलो!

दुसऱ्या दिवसापासून भाई डबा घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसायला लागला.

हे सगळं पुन्हा डोक्यात आलं ते एका चित्रामुळे. अकबरनाम्यातलं चित्र आहे, नरसिंह नावाच्या चित्रकाराने साधारण १६०५ च्या सुमारास काढलेलं, आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. फतेहपूर सिक्रीच्या इबादतखान्यात अकबर बसलाय, भोवती विद्वान, आणि त्यांच्यात काळ्या झग्यातले दोन जेझुइट पाद्री. त्यातले एक रुडॉल्फ अक्वाव्हिवा, असं मानतात.

अकबराने १५७९ मध्ये गोव्याला निरोप पाठवला होता : तुमचे शिकलेले पाद्री पाठवा, सोबत तुमची शास्त्रंही द्या. गोव्याहून तिघं निघाले आणि १५८० च्या फेब्रुवारीत सिक्रीला पोहोचले. अक्वाव्हिवा तेव्हा २९ वर्षांचे होते. (मी त्या वयात पहिल्या ऑनसाइटच्या व्हिसासाठी रडत होतो.) त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल भेट दिलं. अकबराने ते खंड हातात घेऊन चुंबले, डोक्याला लावले. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी, सुरियानी अशा भाषा त्यात होत्या. दरबाराची भाषा मात्र होती फारसी, आणि ती त्यात नव्हती. एवढा मोठा ग्रंथ समोर, आणि ज्यांच्यासाठी आणला त्यांना वाचता येत नाही.

मग वाद सुरू झाले. जेझुइटांच्याच लिखाणातून दिसतं की पैगंबरांबद्दल त्यांची भाषा तिखट होती. समोरचेही काही कमी नव्हते. एकदा तर प्रस्ताव आला की एकाने कुराण घेऊन आणि दुसऱ्याने शुभवर्तमान घेऊन आगीत शिरावं, जो जळणार नाही त्याचा धर्म खरा. अक्वाव्हिवांनी नकार दिला, देवाची परीक्षा पाहणं बरोबर नाही म्हणून. नकार शहाणपणाचा होता. पण गोष्ट आगीपर्यंत गेलीच कशी, हा प्रश्न मला सतावतो. माझ्या मते त्याचं एक कारण त्या चित्रातच दिसतं. सगळे गोल करून बसलेत आणि वर पंच म्हणून बादशहा. प्रेक्षक असले की माणूस समोरच्याशी बोलत नाही, प्रेक्षकांशी बोलतो. आमच्या कँटीनमध्ये दोनच प्रेक्षक होते, तेवढे पुरले.

१५८३ मध्ये अक्वाव्हिवा गोव्याला परतले. ना बादशहा ख्रिस्ती झाला, ना मुल्लांना काही पटलं. (त्याच जुलैत ते कुंकळ्ळीला मारले गेले. ती गोष्ट वेगळी आणि गोवेकरांसाठी दोन्ही बाजूंनी दुखरी आहे, आज तिच्यात शिरत नाही.)

मला जास्त आवडते ती नंतरची जोडी. १५९५ मध्ये जेरोम झेवियर हे पाद्री अकबराकडे आले. आपल्या फ्रान्सिस झेवियरांच्या नात्यातलेच. ते फारसी शिकायला बसले. आणि अकबराने अब्दुस सत्तार नावाच्या मुसलमान विद्वानाला युरोपियन भाषा शिकायला सांगितलं, ते शिकले झेवियरांकडे. दोघांनी मिळून येशूचं चरित्र फारसीत तयार केलं, 'मिरात अल-कुद्स' म्हणजे पावित्र्याचा आरसा. १६०२ मध्ये ते अकबराला दिलं.

कल्पना करा जरा. सोबत कोड लिहिलेल्यांना कळेल. एका टेबलावर दोघं, आणि प्रत्येक शब्दाला थांबायचं. 'देवाचा पुत्र' हे फारसीत कसं लिहायचं, की वाचणाऱ्याला शिवीसारखं न लागता अर्थ कळेल? तिथे ओरडून चालत नाही. समोरच्याच्या कानाने आपलं वाक्य ऐकावं लागतं.

यामुळे अब्दुस सत्तार ख्रिस्ती झाले का? नाही. पुढे जहांगीराच्या दरबारात रात्रीच्या बैठका व्हायच्या, त्यांची नोंद त्यांनीच 'मजालिस-ए-जहांगीरी'त केली, आणि त्यात ते पाद्र्यांशी कडकडून वाद घालताना दिसतात. मला यात निराशा वाटत नाही, उलट हायसं वाटतं. एकत्र काम करून, एकमेकांची भाषा शिकूनही मतभेद राहिले, ते लपवलेही नाहीत. "सगळे धर्म सारखेच" म्हणून विषय संपवणं मला नेहमी थोडं आळशी वाटतं. भाईला आणि मला वेगवेगळं वाटतं, म्हणून तर बोलायला काहीतरी आहे.

आता पेत्राकडे. हे पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया अशा भागांत पांगलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलंय. तिथे ते थोडे होते, लोक त्यांच्याकडे संशयाने बघत. उत्तर देण्यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'अपोलोगिया' हा शब्द आहे. कोर्टात आरोपी आपली बाजू मांडतो, ते. आरोपी फिर्यादीवर तुटून पडत नाही. आणि उत्तर कोणाला? जो विचारतो त्याला. ही अट आहे, वाक्यातच आहे. मी ती अट काढून टाकून कोड चालवत होतो. कुणी विचारो न विचारो, माझं फंक्शन धावतंच. सौम्यता आणि आदर यांनाही मी सजावट समजत होतो. पेत्राच्या वाक्यात मात्र ते उत्तराचाच भाग आहेत.

२००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी जगभरच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांना एक पत्र लिहिलं होतं. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती, या दोन गोष्टी तुमच्याकडेही आहेत आणि आमच्याकडेही, तिथून बोलू या, असा त्याचा गाभा. ते वाचताना वाटलं, सुरुवात त्यांनी केली. जशी भाईने केली होती.

मी त्याला मेसेज टाकायला तीन दिवस घेतले. तो आता दुसऱ्या कंपनीत आहे. लिहिलं, "भाई, तू मरियमबद्दल विचारलं होतंस. मी उत्तर दिलंच नाही, भलतंच बोललो. चुकलं माझं." दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. पाचव्या दिवशी आलं, "उस दिन घर जाके बहुत बुरा लगा था यार." आणि खाली, "अब बता, क्या लिखा है?"

तेव्हापासून गुरुवारी रात्री अर्धा तास आम्ही फोनवर वाचतो. मी लूकचा पहिला अध्याय, तो सूरह मरियम. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे की दोन्हीकडे सुरुवात मरियमेपासून होत नाही, म्हाताऱ्या जखऱ्यापासून होते? त्याला लेकरू होणार असं कळतं आणि त्याची वाचा थांबते, दोन्हीकडे. कुराणात तीन रात्री, लूकमध्ये बाळाचं नाव ठेवेपर्यंत. भाई म्हणाला, "तेरे साथ भी यही होना चाहिए था." मी खूप हसलो.

बाळाच्या जन्मापाशी वाटा वेगळ्या होतात. त्याच्याकडे खजुराचं झाड, माझ्याकडे गव्हाण. पुढे क्रूस येणार आहे, आणि तिथे दोघांना काय म्हणायचंय ते दोघांनाही आधीच माहीत आहे. भाई म्हणाला, ते रमजान झाल्यावर घेऊ, निवांत. मी हो म्हणालो. व्हिडिओ बघितलेले नाहीत अजून.

उद्याचं वाचन : अध्याय ३, वचन १७.